जुने, दुर्मीळ ग्रामोफोन आणि त्यांचा आवाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात चावीचा ग्रामोफोन असला की येणारा प्रत्येक जण आधी भोंग्यात डोकावतो आणि मग प्रश्न विचारायला लागतो. गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की उत्तरं तोंडपाठ झाली आहेत. ती इथे एकत्र लिहून ठेवतो. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे. काही प्रश्नांना एका ओळीपेक्षा जास्त लागत नाही.

फोनोग्राफ, ग्रामोफोन, व्हिक्ट्रोला ही एकाच यंत्राची नावं का?

बोलण्यात एकच, यंत्रात वेगळी. एडिसनने १८७७ मध्ये आवाज पकडला तो फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या कथलाच्या वर्खावर. त्यात सुई खाली-वर हलायची. हा फोनोग्राफ. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये पेटंट घेतलं ते सुई डावी-उजवी हलवणाऱ्या यंत्राचं, आणि त्यातूनच सपाट तबकडी आली. हा ग्रामोफोन. व्हिक्ट्रोला हे व्हिक्टर कंपनीने १९०६ पासून आपल्या कपाटी यंत्राला दिलेलं नाव. त्यात भोंगा दुमडून लाकडी पेटीच्या पोटात घातलेला असतो.

आपण सगळ्यांनाच ग्रामोफोन म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही. फक्त 'खाली-वर' आणि 'डावी-उजवी' हा फरक लक्षात असू द्या. एडिसनच्या डायमंड डिस्क तबकड्या (१९१२ ते १९२९) आणि पाथे या फ्रेंच कंपनीच्या सुरुवातीच्या तबकड्या खाली-वर पद्धतीच्या आहेत. एडिसनला हिऱ्याचं टोक लागतं, पाथेला नीलमण्याचा गोल मणी. त्यांच्यावर साधी पोलादी पिन टेकवलीत तर धड आवाज येणार नाही आणि तबकडीची मात्र माती होईल. डायमंड डिस्क हातात घेतली की लगेच कळते: पाव इंच जाड आणि फरशीसारखी जड.

'ग्रामोफोनचा आवाज वेगळा असतो' म्हणतात. म्हणजे नेमका कसा?

आधी या यंत्रात काय नसतं ते बघा. वीज नाही, अँप्लिफायर नाही, स्पीकर नाही. तबकडीच्या खाचेत पिन थरथरते, ती थरथर एका छोट्या दांडीतून पातळ पडद्यावर जाते, पडदा हवा हलवतो आणि भोंगा त्या हवेचा आवाज खोलीत आणून सोडतो. खोली भरून टाकणारा तो सगळा आवाज पिनेच्या टोकाने खाचेतून उपसलेला असतो. म्हणून तर पिनेवर १०० ते १५० ग्रॅम भार लागतो. आजच्या टर्नटेबलवर तो दीड-दोन ग्रॅम असतो.

ऐकणाऱ्याला पहिल्यांदा जाणवतो तो आवाजाचा पुढे आलेला मधला भाग. खर्ज जवळजवळ नसतो, वरची झळाळीही नसते. पण माणसाच्या गळ्याचा जो मुख्य टापू आहे तो भोंग्यातून इतका सरळ येतो की गायक समोर दोन हातांवर उभा आहे असं वाटतं. याला दोन कारणं आहेत. एक, आवाज एकाच जागेवरून येतो, गायकाच्या तोंडासारखा. दोन, त्याची पातळीही साधारण माणसाच्या गाण्याएवढीच असते. त्यामुळे कानाला तो खोलीतल्याच माणसाचा वाटतो.

मी पहिल्यांदा चांगला ग्रामोफोन ऐकला तेव्हा शेजारच्या खोलीत होतो. दार अर्धवट लोटलेलं. कोणी गायला बसलंय असं वाटून आत डोकावलो, तर खोलीत फक्त यंत्र. तेव्हापासून कुठलाही ग्रामोफोन पारखताना मी आधी दुसऱ्या खोलीत जाऊन उभा राहतो. समोर बसलं की डोळे भोंग्याच्या पितळेत अडकतात आणि कान त्या पितळेचीच साक्ष देतात.

मग तो आजच्या यंत्रापेक्षा चांगला म्हणायचा का?

नाही. खाचेत काय काय कोरलंय ते शोधायचं असेल तर ७८च्या (म्हणजे मिनिटाला साधारण ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या) खाचेला बसणारी जाड सुई लावलेलं चांगलं इलेक्ट्रिक टर्नटेबल ग्रामोफोनपेक्षा बरंच जास्त काढून देतं, आणि तबकडी झिजवतही नाही. ग्रामोफोन ऐकायचा तो त्या काळातल्या माणसाने ती तबकडी कशी ऐकली असेल हे कळावं म्हणून. आणि खरं सांगायचं तर, आवडतो म्हणून.

कुठल्याही ग्रामोफोनवर कुठलीही ७८ची तबकडी लावता येते ना?

लावता येते. पण तबकडी आणि यंत्र एका काळातलं असेल तर दोघांचंही सोनं होतं, नाहीतर दोघांपैकी एकावर अन्याय होतो. या छंदात मला पटलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि नवखा माणूस नेमका इथेच चुकतो.

१९२५ पर्यंतच्या तबकड्या मायक्रोफोनशिवाय मुद्रित झालेल्या आहेत. गाणारा एका मोठ्या भोंग्यासमोर उभा राहायचा, वादक त्याच्याभोवती दाटीवाटीने बसायचे. आवाजाच्या जोरानेच पलीकडचा पडदा हलायचा आणि मेणावर खाच पडायची. गायकाला चढ्या सुराला मागे सरकावं लागे, खालच्या सुराला भोंग्यात तोंड घालावं लागे. व्हायोलिनचा आवाज पोहोचत नसे म्हणून त्यालाच पत्र्याचा भोंगा जोडलेलं 'स्ट्रो व्हायोलिन' वापरलं जाई. मोठ्या तंतुवाद्याचा खर्ज पकडता येईना तेव्हा त्याच्या जागी ट्यूबा फुंकायचे. या पद्धतीत साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा हाती लागायचा. इटालियन ऑपेरा गायक एन्रिको कारूसोने एप्रिल १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीसाठी मिलानला मुद्रण केलं आणि ते गाजलं. त्याच्या गळ्याचा जोर या चिंचोळ्या पट्ट्यात नेमका बसत होता, हेही त्यामागचं एक कारण. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने कलकत्त्याला गायिका गौहर जानचं मुद्रण केलं. तबकडीच्या शेवटी ती स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते, कारण मुद्रण पुढे जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या कारखान्यात जायचं आणि तिथल्या माणसांना कोण गातंय ते कळायला हवं. अभ्रकाचा पडदा असलेल्या त्या काळच्या यंत्रावर ही नावाची घोषणा ऐकावी. गाण्यापेक्षा त्या दोन-तीन सेकंदांनीच अंगावर काटा येतो.

१९२५ मध्ये मायक्रोफोन आला. मुद्रणाचा पट्टा साधारण १०० ते ५००० हर्ट्झपर्यंत रुंदावला आणि जुनी यंत्रं एका रात्रीत तोकडी पडली. खाचेत खर्ज होता, पण आखूड भोंग्याला तो बाहेर काढता येईना. वर आवाजही इतका जोरकस की जुना अभ्रकाचा पडदा कर्कश व्हायला लागला. मग बेल प्रयोगशाळेतल्या मॅक्सफिल्ड आणि हॅरिसन यांनी पडद्यापासून भोंग्याच्या तोंडापर्यंतच्या सगळ्या वाटेचं गणित विजेच्या मंडलासारखं मांडलं, आणि त्यातून व्हिक्टरचा ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला १९२५च्या शेवटी बाजारात आला. अभ्रकाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा पडदा आणि ठरावीक प्रमाणात फुलत जाणारा, घडी घातलेला लांबलचक भोंगा.

म्हणून माझा सरळ हिशेब: १९२५च्या आधीची तबकडी अभ्रकाच्या साउंडबॉक्सवर (पिन आणि पडदा धरणाऱ्या डबीवर), नंतरची अ‍ॅल्युमिनियमच्या. १९१०च्या भोंग्यावर १९३८ची जोरदार तबकडी लावून 'ग्रामोफोन कर्कश वाजतो' म्हणणं म्हणजे बैलगाडी महामार्गावर आणून बैलाला शिव्या देणं.

भोंगा बाहेरचा चांगला की आत दडवलेला?

बघायला बाहेरचा. ऐकायला बहुतेक वेळा आतला, विशेषतः १९२५ नंतरचा.

भोंग्याचं काम एकच: पडद्याजवळची दाट, जोरकस पण इवलीशी हालचाल हळूहळू खोलीतल्या मोकळ्या हवेला सोपवणं. त्यासाठी तो लांब हवा, सावकाश रुंदावणारा हवा आणि शेवटी तोंड मोठं हवं. तोंड लहान पडलं की खालचे सूर बाहेर पडण्याऐवजी आतच परततात. फुलासारखा पाकळ्यांचा भोंगा दिसतो देखणा, पण तो आखूड असतो आणि शेवटी एकदम फाकतो. कपाटाच्या पोटात चार घड्या घालून बसवलेला सहा फुटी भोंगा दिसत नाही, म्हणून बिचाऱ्याचे फोटो कोणी काढत नाही.

आकार महत्त्वाचा, मग माल. पत्रा स्वतःच झंकारतो, लाकूड कमी. कागदाचा लगदा तर जवळजवळ मुका. इथे मुकेपणा हा गुण आहे.

दुर्मीळ म्हणजे नेमके कोणते?

दुर्मीळपणाचे दोन प्रकार मानतो मी. काही यंत्रं मुळातच थोडी बनली, कारण ती हाताने बनत होती किंवा फार महाग होती. काही प्रयोग म्हणून आली आणि चालली नाहीत.

पहिल्या प्रकारात सगळ्यात वरचं नाव ई.एम.जी. लंडनमध्ये १९२०च्या दशकात ई. एम. गिन या गृहस्थांनी आपल्याच आद्याक्षरांनी हा कारखाना सुरू केला. कारखाना म्हणजे कार्यशाळाच म्हणा. १९३० मध्ये ते बाहेर पडले आणि 'एक्स्पर्ट' नावाने पुन्हा तेच काम करू लागले. या दोन्ही यंत्रांची खूण म्हणजे कागदाच्या लगद्याचा राक्षसी भोंगा. मार्क टेन-बी ओव्हरसाइजच्या भोंग्याचं तोंड जवळजवळ तीन फूट. खाली छोटी साधी पेटी आणि वर खोली अडवून बसलेलं ते काळं फूल. घरात आणायचं तर आधी दाराची रुंदी मोजा. पण त्यावर तंतुवाद्यांची चौकडी ऐकली की विजेशिवाय हे कसं शक्य आहे असा प्रश्न पडतो. चारही वाद्यं सुटी सुटी ऐकू येतात, आणि सगळ्यात खालचं वाद्य नुसतं सुचवलं जात नाही, खरंच असतं.

त्याच पंगतीत एच.एम.व्ही.चे १९२७ पासूनचे 'री-एंट्रंट' भोंग्याचे मोठे कपाटी नमुने, २०२ आणि २०३. यात भोंगा स्वतःच्याच पोटात परत वळतो, म्हणून कपाटाच्या मानाने लांबी खूप मिळते.

दुसऱ्या प्रकारातली यंत्रं जास्त गमतीची. ऑक्सेटोफोन घ्या. साधारण १९०६ चा, आणि त्यामागे वाफेच्या टर्बाइनवाले चार्ल्स पार्सन्स. पिन पडदा हलवत नाही, तर दाबाने येणाऱ्या हवेची झडप उघड-मीट करते. आवाज इतका प्रचंड की तो बागेतल्या गर्दीसाठीच योग्य, आणि गाणं थांबलं की हवेचा फुसकारा ऐकू येतो. किंवा १९२४ च्या सुमाराचा लुमिएर ग्रामोफोन. चलच्चित्रवाले लुमिएर बंधू, त्यातल्या लुईने शोधलेला चुण्यांचा मोठा कागदी पडदा यात भोंग्याची जागा घेतो. सोनेरी पंख्यासारखा दिसतो आणि एवढा नाजूक की आज धड पडदा असलेला नमुना मिळणं कठीण. क्लिंगझोर या जर्मन यंत्रात भोंग्याच्या तोंडावर तारा ताणलेल्या असतात, सुराला त्या झंकाराव्यात म्हणून. त्याच १९२४ चा स्वित्झर्लंडचा मिकिफोन बंद केला की मोठ्या खिशातल्या घड्याळासारखा गोल डबा होतो. आणि कोलोनच्या श्टोलवेर्क या चॉकलेट कंपनीने १९०३ मध्ये खेळण्यातलं यंत्र काढलं, त्याच्या तबकड्या चॉकलेटच्या! गाणं ऐका आणि खाऊन टाका. त्या तबकड्या दुर्मीळ का, हे सांगायला नको.

दुर्मीळ तो आवाजालाही सरस असतो का?

मुळीच नाही. मिकिफोनचा आवाज डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखा आहे. उलट व्हिक्टरचा क्रेडेन्झा हा ऑर्थोफोनिक मालिकेतला मोठा नमुना भरपूर बनला, भरपूर खपला, आणि आवाजात अनेक दुर्मीळ यंत्रांना पाणी पाजतो. संग्रह करायचा असेल तर दुर्मीळपणा बघा, ऐकायचं असेल तर भोंग्याची लांबी आणि साउंडबॉक्सची तब्येत. दोन्ही एकत्र मिळालं तर नशीब समजा आणि फार लोकांना सांगू नका.

आवाज चिरकतो, भणभणतो. यंत्र गेलं का?

बहुतेक वेळा नाही. साउंडबॉक्समधलं रबर गेलेलं असतं.

साउंडबॉक्स म्हणजे पिन बसते तो डबीएवढा भाग. आत अभ्रकाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पडदा दोन रबरी कड्यांमध्ये धरलेला असतो. ती रबरं नळीसारखी पोकळ आणि लिबलिबीत असायला हवीत. ऐंशी-नव्वद वर्षांनी ती काळ्या गुळासारखी टणक होतात, पडदा जखडला जातो आणि आवाज चिडका होतो. डबी उघडताना स्क्रू एकेक करून, आलटून पालटून थोडे थोडे सैल करा. जुनं रबर लाकडी काडीने खरवडा, लोखंडी टोकाने अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. नवी मऊ नळी कडेच्या मापाची कापायची, तिची टोकं एकमेकांना नुसती टेकली पाहिजेत. एकावर एक चढली तर पडदा तिरका बसतो. दांडी पडद्याला जिथे मिळते तिथे मधमाशीच्या मेणाचा एक थेंब. मग दांडीच्या दोन्ही बाजूंचे छोटे स्क्रू असे बसवायचे की पडदा ना आत ओढला जाईल, ना बाहेर ढकलला जाईल. तो सहज, मोकळा उभा राहिला पाहिजे. यालाच वेळ लागतो. पाव फेरी इकडे, पाव फेरी तिकडे, प्रत्येक वेळी तीच तबकडी. घरचे दुसऱ्या गाण्याची मागणी करतात ती याच टप्प्यावर.

१९२५ नंतरचे काही साउंडबॉक्स आणि टोनआर्मचे (साउंडबॉक्स धरणाऱ्या नळीचे) सांधे जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत. तो धातू आतून फुगतो आणि तडकतो. एच.एम.व्ही.च्या फाइव्ह-ए, फाइव्ह-बी डब्यांचं हे जुनं दुखणं. अशी डबी जबरदस्तीने उघडू नका, बिस्किटासारखी तुटते.

आणि एक अनुभव. माझ्या एका यंत्राची भणभण जाईना म्हणून मी साउंडबॉक्स तीनदा उघडला, दोन आठवडे घालवले. शेवटी हात सहज मोटारीच्या फळीवर टेकला आणि आवाज थांबला. फळीचा एक लाकडी स्क्रू सैल होता. तेव्हापासून आधी सगळ्या पेटीवर हात फिरवून बघतो.

पिन प्रत्येक वेळी बदलायची, हे विकणाऱ्यांनी काढलेलं फॅड नाही ना?

नाही. पोलादी पिन एका बाजूला एक, मग फेकून द्यायची. लाखेच्या तबकडीत नुसती लाख नसते. स्लेटची किंवा चुनखडीची पूड मिसळलेली असते, आणि ती मुद्दामच: पिनेचं टोक पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराचं व्हावं म्हणून. गाणं संपेपर्यंत त्या टोकाला दोन्ही बाजूंनी धारदार चपट्या कडा आलेल्या असतात. तीच पिन पुढच्या तबकडीवर ठेवली की ती पटाशीसारखी खाच तासत जाते. वापरलेली पिन भिंगाखाली एकदा बघा, पुन्हा काटकसर करावीशी वाटणार नाही. तबकडीवर जी करडी भुकटी साठते, ती अर्धी पिनेची आणि अर्धी गाण्याची.

याला पर्याय म्हणजे बांबूची पिन. तिकोनी काडी, तिरक्या छेदाची. टोक बोथट झालं की कात्रीसारख्या अवजाराने पुन्हा तिरकं कापायचं, एका काडीची बरीच टोकं निघतात. तिच्यासाठी साउंडबॉक्सचं भोक तिकोनी लागतं. झाडाचे काटेही वापरले जातात, तेही घासून टोकदार करून. ई.एम.जी.वाले पोलादाला हातही लावत नसत. बांबूने आवाज मऊ होतो, थोडा दबतो, तबकडी वाचते. मात्र आधीच पोलादाने खरवडलेल्या तबकडीवर बांबूचं टोक मध्येच बसतं आणि शेवटचा अर्धा मिनिट गाणं पुटपुटतं. जोरकस ब्रास बँडला बांबू टिकत नाही, एकट्या गळ्याला मात्र मला तोच आवडतो.

आवाज कमी-जास्त कसा करायचा?

पिन बदलून. जाड, आखूड पिन मोठा आवाज देते, बारीक, लवचीक पिन लहान. कपाटी यंत्राची दारं लोटली तरी फरक पडतो. भोंग्यात कापड कोंबू नका, गाण्याचा दम कोंडतो.

सगळ्या ७८च्या तबकड्या ७८ वेगानेच फिरवायच्या ना?

नावात ७८ आहे म्हणून तसं वाटतं. १९२५च्या आसपास विजेवरच्या मोटारी आल्या तेव्हा हा आकडा पक्का झाला: मिनिटाला ३६०० फेऱ्यांची मोटार आणि ४६चं प्रमाण, म्हणून ७८.२६. त्याआधी ज्याला जे सोयीचं तो वेग, अगदी ७० पासून ८२ पर्यंत.

फरक किरकोळ वाटत असेल तर हे बघा. ७८ची तबकडी ७४ला फिरवली तर सूर जवळजवळ अर्ध्या सुराने उतरतो. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी एकच्या जवळ येतो, लयही ढिली पडते आणि गळा उगीच वयस्कर वाटतो. जुन्या मुद्रणांतले काही आवाज 'विचित्र बारीक' म्हणून बदनाम आहेत, ते बऱ्याचदा वेगाच्या चुकीने. सुरांची पेटी जवळ असेल तर षड्ज जुळवून बघा. नाहीतर कानाने: स्वरकंप घाईचा वाटला तर वेग जास्त आहे. वेगाचा काटा यंत्रावर असतोच, पण त्यावर विश्वास ठेवू नका. कागदाची चिठ्ठी तबकडीच्या कडेखाली खोचून ती एका मिनिटात किती वेळा समोरून जाते ते मोजा.

चावी किती द्यायची? स्प्रिंग तुटेल अशी भीती वाटते.

हाताला अडकल्यासारखं वाटलं की थांबायचं. 'अजून अर्धा फेरा' हा मोह टाळा. वाजवून झाल्यावर स्प्रिंग ताणलेली ठेवू नये, उरलेली चावी थाळी फिरू देऊन उतरवावी असं मी मानतो. याला न मानणारेही जाणते लोक आहेत.

गाण्याच्या मध्येच पेटीतून 'धप्प' असा आवाज येऊन थाळी दचकली, तर स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस वाळलं आहे. वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि एकदम सुटतात. ग्रीस बदलायचं असतं, पण ते घरी करू नका, हे मी गंभीरपणे सांगतोय. तो डबा उघडला की कित्येक फूट लांबीची पोलादी पट्टी झेप घेऊन बाहेर येते आणि बोटं कापते. गव्हर्नरची गोष्ट वेगळी. तीन वजनं गरगर फिरवून वेग धरून ठेवणारा तो भाग तुम्ही स्वतः सांभाळू शकता: मळसूत्री दात्यावर थेंबभर तेल, आणि कातड्याची किंवा नमद्याची गादी असते तिलाही थेंबभर. ती कोरडी पडली की सूर थरथरतो, आणि लोक दोष गायकाला देतात.

पितळी भोंग्याचा, कुत्र्याच्या चित्राचा ग्रामोफोन मिळतोय. खरा असेल का?

बहुधा नाही. चकचकीत पितळी फूल, अष्टकोनी पेटी आणि पुढे नवंकोरं कुत्र्याचं चित्र, हे तिन्ही एकत्र दिसलं तर ते यंत्र अलीकडे जुळवलेलं आहे असं धरून चाला. वरचं झाकण उघडून मोटार बघा. बनावट यंत्रात एखाद्या मोडक्या पोर्टेबलची लहानशी मोटार असते, तिच्यासाठी फळीत आडवीतिडवी भोकं पाडलेली असतात. भोंगा जिथे आर्मला मिळतो तो कोपर जाडजूड नळासारखा, ओतीव आणि ढिला असतो. खऱ्या जुन्या यंत्रात तो सांधा घड्याळासारखा नेटका फिरतो. लाकडाचा वास घ्या, पॉलिशचा ताजा वास लपत नाही. आणि वाजवून बघा: आवाज पत्र्यासारखा, भोंग्याच्या तोंडाबाहेर न पडणारा.

शोभेची वस्तू म्हणून घ्यायला हरकत नाही. फक्त त्यावर चांगली तबकडी लावू नका.

एलपी (नंतरची विनाइलची तबकडी) लावली तर चालेल?

नाही. एकदा वाजेल, नंतर कधीच नाही. उशिराच्या काही ७८च्या तबकड्याही विनाइलच्या आहेत, त्यांनाही हाच नियम. हातात लवचीक आणि हलकी वाटली तर दूर ठेवा.

तबकडी धुवायची कशाने?

लाखेची तबकडी साध्या पाण्याने, सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, मधला कागद कोरडा ठेवून. स्पिरिट अजिबात नको, लाख त्यात विरघळते. सुताराला विचारा, तो पॉलिश याच दोन गोष्टींचं करतो. एडिसनच्या डायमंड डिस्कला बरोबर उलट: तिच्या गाभ्यात लाकडाचा भुसा आहे, पाणी शिरलं की फुगते, म्हणून ती स्पिरिटने पुसायची. दोघी शेजारी ठेवून धुवायला घेतल्यात तर फडकी आधी वेगळी करा.

उभ्या ठेवा, आडव्या रचल्या तर खालच्या तडकतात. आणि चरा पडून एकच ओळ पुन्हा पुन्हा येत असेल तर ती 'पिन अडकणं'. माणसांबद्दल वापरतो तो शब्द इथलाच.

मोबाइलवर ग्रामोफोनचे व्हिडिओ ऐकले, पण काही विशेष वाटलं नाही.

वाटणारच नाही. बहुतेक लोक मोबाइल थेट भोंग्यासमोर धरतात, तिथे खरखर जास्त आणि सूर कमी असतो. भोंग्याचा आवाज जुळून यायला सहा-आठ फुटांचं अंतर आणि खोलीच्या भिंती लागतात. शिवाय खऱ्या यंत्रासमोर बसलं की कान पाचेक मिनिटांत खरखर बाजूला काढून ठेवतो, पावसात बोलणाऱ्या माणसाचं ऐकावं तसं. मुद्रण ऐकताना ते जमत नाही.

पहिला ग्रामोफोन कोणता घ्यावा?

भोंगावाला नको, दुर्मीळ तर नकोच. एच.एम.व्ही.चा १०२ हा पेटीचा पोर्टेबल बघा. १९३१ पासून १९५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तो बनत होता, त्यामुळे सुटे भाग आणि जाणकार दोन्ही सापडतात. एवढ्याशा पेटीच्या मानाने भोंगा हुशारीने बसवलाय, आणि १९२५ नंतरच्या तबकड्या तो मजेत वाजवतो. घेण्याआधी साउंडबॉक्सच्या पाठीवर भिंग धरून तडे बघा, चावी पूर्ण देऊन एक आख्खी बाजू वाजू द्या आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात सूर उतरतो का ते ऐका. विकणारा मध्येच बोलायला लागला तर त्याला हाताने थांबवा. नाहीतर सरळ शेजारच्या खोलीत जाऊन उभे राहा.